माईक बंद झाल्यावर विनोदवाले काय बोलतात (आणि त्यात देव कुठे बसतो)

साऊंडवाला_भो (रात्री १२.१०)

नमस्कार मंडळी. झोप येत नाही म्हणून लिहून राहिलो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आपला धंदा साऊंडचा. सप्ताह, लग्न, हळद, दहावा, इलेक्शनची सभा, सगळीकडे आपलेच कर्णे आणि आपलाच मिक्सर, वीस-बावीस वर्षं झाली. म्हणजे बुवांना कॉलर माईक लावणारा हात माझा आणि ऑर्केस्ट्रावाल्याला एको वाढवून देणारा पण माझाच. तर पंधरा दिवसांआधी जळगावला एका हॉलमधे स्टँडअप होतं. तीन पोरं, दोन पुण्याकडची आणि एक आपलाच, यावल साईडचा. मला ऑर्डर काय तर एक माईक, एक स्टँड, एक स्टूल. म्हटलं बाकीचं? तर बाकीचं काहीच नाही. इतका गरीब सेटअप मी आयुष्यात लावला नव्हता भो, कीर्तनाला पण मृदंगाला दोन आणि टाळकऱ्यांना दोन माईक लागतात.

त्यातल्या एकानं स्टेजवर पंधरा मिनिटं देवाची पार हजेरी घेतली. देव नाहीच, असला तर रजेवर आहे, नवस म्हणजे ॲडव्हान्स बुकिंग वगैरे. पब्लिक हसून राहिलं होतं, मी पण हसलो. पण मी बसलो होतो विंगेत आणि तिथून मला दिसलं ते पब्लिकला दिसलं नाही. स्टेजवर जायच्या आधी हाच पोरगा वाकला, फळीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, डोळे मिटून दोन सेकंद उभा राहिला आणि मग पळत गेला.

कार्यक्रम संपल्यावर हायवेच्या ढाब्यावर गेलो सगळे. शेवभाजी, कळण्याची भाकर, ठेचा. आणि तिथं ही पोरं जे बोलली ते ऐकून मी माझा मोबाईल खिशात टाकून दिला. एकाच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे. दुसरा म्हणे दिवसभर मोबाईलवर युद्धाचे व्हिडिओ बघतो, ढिगाऱ्याखालून काढलेली लेकरं बघतो आणि संध्याकाळी बायकोच्या शॉपिंगवर जोक लिहायला बसतो, तेव्हा स्वतःची लाज वाटते. यावलचा पोरगा सगळ्यात शेवटी बोलला. म्हणे मी मानत नाही, पण आईनं माझ्यासाठी कानबाई देवीला जो नवस बोलून ठेवलेला असतो तो दरवर्षी मीच फेडतो, आईला सांगतो तुझ्यासाठी करतो म्हणून, खरं काय ते मलाच माहीत नाही.

तर माझा प्रश्न असा की स्टेजवरचा खरा का ढाब्यावरचा खरा? तुम्ही लोक इंग्रजी-हिंदी भरपूर बघता, मोठमोठे कॉमेडियन असं मोकळं बोलतात का कुठं?

कट्टर_केळीवाला

ढाबा कोणता?

तापीकाठची

छान लिहिलंत दादा. स्टेजच्या फळीला हात लावून कपाळाला लावतात ते वाचून मला एकदम आठवलं. १४ जून २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी शंभराच्या वर कॉमेडियन व्हॅटिकनला बोलावले होते, पंधरा देशांतले. ख्रिस रॉक, व्हूपी गोल्डबर्ग, जिमी फॅलन, कोनन ओब्रायन, स्टीफन कोल्बेर असे सगळे रांगेत बसलेले, शाळेतल्या पोरांसारखे. यातले निम्मे तरी चर्चवर आयुष्यभर जोक करणारे. आणि पोप त्यांना म्हणाले की देवावर हसलेलं चालतं का, तर चालतं, आपण आपल्या जिवलग माणसांची थट्टा करतो ना, तसंच. स्वतः ते रोज एक प्रार्थना म्हणायचे, थॉमस मोर नावाच्या संताची. तिची सुरुवात अशी आहे की देवा, मला चांगलं पचन दे, आणि पचवायला काहीतरी दे. मी वर्गात सातवीच्या पोरांना हे सांगितलं तर एक पोरगा म्हणतो, मॅडम ही तर माझ्या आजोबांची प्रार्थना आहे.

त्यातला कोल्बेर तर बघाच. दहा वर्षांचा होता, अकरा भावंडांत सगळ्यात धाकटा, ११ सप्टेंबर १९७४ ला विमान पडलं त्यात वडील आणि त्याच्या वरचे दोन भाऊ एकदम गेले. घरात तो आणि आई उरले. हा माणूस आजही श्रद्धाळू कॅथलिक आहे. २०१९ मधे अँडरसन कूपर या टीव्ही पत्रकाराला मुलाखत दिली, कूपरची आई तेव्हा नुकतीच गेलेली होती, आणि दोघं दुःखावर बोलत बसले. कोल्बेर म्हणतो की जी गोष्ट घडायला नको होती असं मला सगळ्यात जास्त वाटतं तिच्यावरच प्रेम करायला मी शिकलो, जगणं ही देणगी आहे आणि त्याच्यासोबत दुःख येतंच. कूपर ऐकतांना हुंदका आवरू शकत नाही. हे माईक चालू असतांनाचं आहे बरं का दादा.

कट्टर_केळीवाला

सरळ बोलतो, राग मानू नका. पोपनं बोलावलं ते त्यांच्या घरचं झालं. आपल्याकडचे हे स्टँडअपवाले, यांना फक्त आपलेच देव दिसतात. गणपती दिसतो, मारुती दिसतो. हिंमत असेल तर दुसरीकडे करून दाखवा ना भो. सत्य बोलायचा एवढा किडा आहे तर सगळीकडे बोला.

अंजनगाव_नाही_अंजनी

+१

तापीकाठची

केळीवाले दादा, दुसरीकडे काय होतं ते गेल्याच वर्षी दिसलं की. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सौदीत रियाधला मोठा कॉमेडी महोत्सव झाला, डेव्ह शॅपेल, बिल बर, केव्हिन हार्ट, सगळी मोठी नावं. एका कॉमेडियन बाईनं, अत्सुको ओकात्सुका तिचं नाव, तिला आलेल्या ऑफरमधल्या अटीच टाकून दिल्या नेटवर. राजघराण्यावर बोलायचं नाही, धर्मावर बोलायचं नाही. ती गेली नाही. बाकीचे गेले आणि अमेरिकेत जे वर्षानुवर्षं "आम्हाला बोलू देत नाहीत" म्हणून रडत होते तेच तिथं गपगुमान पैसे घेऊन आले. म्हणजे तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो कॉमेडियन लोकांच्या धर्माबद्दल नाही, त्यांच्या खिशाबद्दल आहे.

आणि आपल्याकडे मुनव्वर फारुकी. १ जानेवारी २०२१, इंदूर. जळगावहून इंदूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, म्हणून लक्षात आहे. देवांचा अपमान केला म्हणून कार्यक्रमातच धरला, हायकोर्टानं जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दिला. महिन्याच्या वर आत होता. पुढं त्याचे कार्यक्रम शहरोशहरी रद्द होत गेले.

कट्टर_केळीवाला

वकिली नको करू ताई. माझं म्हणणं साधं आहे. माझ्या बापाला मी काय वाट्टेल ते बोलीन, भाऊ बोलेल. शेजारी बोलला तर ऐकून घेणार नाही. बस.

निंबा_आप्पा_धुळे

केळीवाले भाऊ, मंग शेजारी किती पिढ्यांनी घरचा होतो तेवढं सांगा.

पोरांनो, तुम्ही सगळे पोपपासून सुरू करून राहिले. आम्हना टाईमले तमाशा बघा होता का कोणी? माझं वय सत्तर. यात्रेत फड लागायचा, रात्री अकराला सुरू, पहाटे कोंबडा आरवला की वग संपायचा. सुरुवात कशानं, तर गणानं. गणपतीला नमन, ढोलकीवाला टोपी काढून उभा, सगळे गंभीर. आणि गण संपला रे संपला की गवळण. गवळणी दहीदूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, टोल मागतात. आणि मग येते मावशी. मावशी म्हणजे मिशी काढलेला, कधी कधी तर न काढलेला, पन्नाशीचा बाप्या, लुगडं नेसून. ती मावशी साक्षात कृष्णाला काय काय बोलायची! तुझ्या बापानं रस्ता बांधला का रे, तुझी पावती दाखव, तुझ्या आईला सांगू का लोणी कोण चोरतं. त्या सालच्या सरपंचाचं, दुष्काळी कामाच्या मुकादमाचं सगळं कृष्णाच्या नावावर निघायचं. समोर बसलेल्या माणसानं दुपारीच देवाला नारळ फोडलेला असायचा आणि रात्री तोच कृष्णाची फजिती बघून लोळायचा. कोणाच्या भावना दुखल्या नाहीत. दुखल्या असतील तर मुकादमाच्या.

आणि नाथांचं भारूड घ्या. सोळाव्या शतकातले एकनाथ महाराज, पैठणचे. त्यात ती बाई भवानीआईला रोडगा कबूल करते, कशासाठी? सासरा गावाला गेलाय तो तिकडंच खपू दे, सासूचं काहीतरी कर, जावेचं, नणंदेचं, नवऱ्याचं, सगळे एकेक करून उचल आणि मला एकटीला राहू दे. कीर्तनकार सांगतात की सासूसासरे म्हणजे मनातले विकार. सांगोत बिचारे. पण मंडपात बायका हसतात त्या विकारांना नाही हसत, मी समोर बसून बघितलेलं आहे. तुमच्या त्या पोरानं नवसाला ॲडव्हान्स बुकिंग म्हटलं, नाथांनी साडेचारशे वर्षांआधी दरपत्रकच लावलं होतं.

साऊंडवाला_भो

आप्पा 🙏 दरपत्रक!

मोसमकाठ

मी मालेगावचा. तुम्ही लोक आम्हाला खान्देशात धरा की नाशकात, ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही धरून आहोत.

आमच्याकडे शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. बाकी सहा दिवस गल्लीत खटाखट खटाखट, शुक्रवारी शांतता आणि त्या शुक्रवारी लोक पिक्चर बघणार. याच गावात नासिर शेख यांनी २००० साली हिंदीतल्या मोठ्या पिक्चरची नक्कल करून 'मालेगाव के शोले' काढला, लग्नाच्या कॅमेऱ्यावर, ट्रॉली म्हणून सायकल. नंतर आमचा स्वतःचा सुपरमॅन आला. त्याचं काम करणारा शफीक शेख हा खरोखर मागावर काम करणारा, काडीपैलवान माणूस. सुपरमॅनच्या चड्डीत नाडा! २००६ आणि २००८ ला आमच्याकडे स्फोट झाले तेव्हा टीव्हीवर मालेगाव म्हणजे फक्त पोलीस आणि ॲम्ब्युलन्स. आणि त्याच दिवसांत हा माणूस निळे कपडे घालून गल्लीत उडत होता. २०११ मधे कॅन्सरनं गेला. त्याच्यावरची डॉक्युमेंटरी जगभर फिरली.

केळीवाले भाऊ, तुम्ही म्हणता दुसरीकडे करून दाखवा. आमच्या गल्लीत मौलानांच्या लांबलेल्या तकरीरीवर, रोज्यात दुपारी तीन वाजता होणाऱ्या चिडचिडीवर, इफ्तारला फुकट खजूर खायला येणाऱ्या बिनरोजेवाल्यावर जेवढे विनोद होतात तेवढे तुम्ही ऐकलेच नसतील. तुम्ही आमच्यात बसलाच नाहीत तर ऐकणार कुठून? स्टेजवर करणार का म्हणाल तर नाही, घाबरतात. तुमच्याकडचा पण घाबरतोच. भीतीत मात्र आपण सगळे एक आहोत 😄

कट्टर_केळीवाला

हे बिनरोजेवाल्याचं भारी आहे. आमच्या भंडाऱ्यात पण असतात, एकादशी सोडायला येतात, एकादशी धरलेलीच नसते.

वकील_चोपडा

एक कायद्याचं टाकून ठेवतो. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, पूर्वीचं २९५ अ, आता न्याय संहितेत कलम २९९. इंग्रजांनी १९२७ ला आणलं, लाहोरच्या एका पुस्तकावरून दंगेधोपे झाले त्यानंतर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कलमात शब्द आहेत जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं. कोणाला तरी वाईट वाटलं एवढ्यानं गुन्हा होत नाही. प्रत्यक्षात काय होतं तर हेतू ठरायला वर्षं लागतात आणि पोरगा तोपर्यंत तारखा करतो. बाकी चालू द्या.

रनिंग_रूम

भुसावळ. इंजिन चालवतो. मी स्टँडअप फारसं बघत नाही पण माईक बंद झाल्यावरचं जे म्हटलं ना ते आमच्याकडे रोज असतं. ड्युटी संपली की रनिंग रूममधे झोपायचं, तिथं चार-पाच जण असतात कुठून कुठून आलेले. गाडीखाली माणूस आला की काय होतं ते बाहेरच्याला सांगता येत नाही. ब्रेक मारला तरी गाडी थांबत नाही आणि शेवटच्या क्षणी तो माणूस तुझ्याकडे बघतो. माझ्यासोबत दोनदा झालं. पहिल्यांदा झालं त्या रात्री मी रनिंग रूमला आलो, जेवण समोर ठेवलं, हात लावेना. एक जुना ड्रायव्हर होता, रिटायरमेंटला आलेला, तो म्हणे काय रे, वांग्याची भाजी बघून तुला पण रुळावर जावंसं वाटलं का? एक सेकंद कोणी श्वास घेतला नाही. आणि मग मी हसायला लागलो, इतका हसलो की रडायला लागलो, मग त्यानं पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की त्याचे आठ झाले आणि आठही जणांच्या नावानं तो दर सर्वपित्रीला एक घास काढतो. नावं माहीत नाहीत. एक, दोन, तीन असं म्हणतो.

हा विनोद मी घरी कधीच सांगितला नाही. इथं पहिल्यांदा लिहिला.

तापीकाठची

🙏

पुणे_व्हाया_पारोळा

रनिंग रूम दादा, काय लिहू. न्यूयॉर्कला २००१ मधे हेच झालं. हल्ल्यानंतर सगळे विनोदी कार्यक्रम बंद पडले, हसायचं कसं कोणालाच कळेना. २९ सप्टेंबरला सॅटर्डे नाईट लाईव्ह परत सुरू झालं तेव्हा स्टेजवर महापौर आणि अग्निशमनवाले उभे होते, धुळीनं माखलेले दिवस होते ते. निर्मात्यानं महापौरांना विचारलं, आम्ही विनोद केला तर चालेल का? महापौर म्हणाले, आता का सुरुवात करताय? बस, तेवढ्यावर देशाला हसायची परवानगी मिळाली. तुमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तेच काम वांग्याच्या भाजीवर केलं.

उलटं उदाहरण पण आहे. चॅप्लिननं हिटलरची टर उडवणारा पिक्चर १९४० ला काढला. युद्धानंतर छळछावण्यांचं सगळं बाहेर आलं आणि १९६४ च्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की तिथं काय चाललंय हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तो पिक्चर करूच शकलो नसतो. म्हणजे थोडं अज्ञान असल्याशिवाय काही विनोद होतच नाहीत. त्या ढाब्यावरच्या पोराला जे व्हिडिओ दिसतात ते चॅप्लिनला दिसत नव्हते. आत्ताच्या कॉमेडियनला सगळंच दिसतं, रोज, हातात. आणि आपल्याला काय वाटतं की युद्ध तिकडं लांब आहे. रावेरच्या माणसाला विचारा, आखातात काही पेटलं की केळीचे कंटेनर अडकतात आणि इथं घड बांधावर.

कट्टर_केळीवाला

हे मात्र खरं बोलला. भाव विचारू नका कोणी.

पुणे_व्हाया_पारोळा

पण साऊंडवाले भो, तुमच्या मूळ प्रश्नाशी माझं जमत नाही. तुम्ही धरून चाललात की माईक बंद झाला म्हणजे माणूस खरं बोलतो. आता तर ढाब्यावरच्या गप्पा पण माईकवरच होतात ना. मार्क मॅरन म्हणून कॉमेडियन आहे, त्यानं २००९ ला घरच्या गॅरेजमधे पॉडकास्ट सुरू केला. २०१० ला तो विनोदी नट रॉबिन विल्यम्सच्या घरी जाऊन बसला, विल्यम्स दारू, डिप्रेशन, मरणाचे विचार सगळं बोलला. २०१४ ला त्यानं जीव दिला तेव्हा लोकांनी तो भाग परत काढून ऐकला. २०१५ ला ओबामा मॅरनच्या गॅरेजमधे. तेव्हापासून सगळ्या जगाला कळलं की मोकळं बोलणं हा पण एक धंदा आहे. आता आपल्याकडचा प्रत्येक कॉमेडियन हेडफोन घालून अँक्झायटी, वडील आणि देव या तीन विषयांवर मोकळा होतो आणि मधेच गादीची जाहिरात करतो.

आणि हसन मिन्हाजचं प्रकरण. अमेरिकेतला मुसलमान कॉमेडियन, स्टेजवर स्वतःच्या आयुष्यातले किस्से सांगायचा, मशिदीत खबऱ्या आला, घरी पांढरी पावडर आली. २०२३ ला न्यूयॉर्कर मासिकानं तपासलं तर बरेच किस्से तसे घडलेच नव्हते. तो म्हणाला हे भावनिक सत्य आहे. त्याच्या बाजूनं आणि विरोधात लोकांनी महिनाभर डोकं खाल्लं. माझं म्हणणं, रडू आणणारी गोष्ट खोटी निघाली तर आपण जास्त चिडतो, हसवणारी खोटी निघाली तर कोणी विचारत पण नाही.

निंबा_आप्पा_धुळे

गादीची जाहिरात 😂😂 बुवा पण मधेच देणगीदाराचं नाव घेतात, तेच शे.

नर्स_मावशी

मी कॅन्सर वॉर्डला होते सहा वर्षं, शहराचं नाव नको. तिग नोटारो म्हणून एक बाई आहे, ती ऑगस्ट २०१२ मधे स्टेजवर आली आणि पहिलंच वाक्य, नमस्कार, मला कॅन्सर आहे. लोक हसले, त्यांना वाटलं जोक आहे. मग कळलं खरंच आहे, थोड्याच दिवसांआधी निदान झालेलं, त्याआधी आई गेलेली. लोक रडायला लागले तर ती म्हणते सगळं ठीक होईल, आणि लगेच म्हणते, म्हणजे माझं नाही, तुमचं. देवावर पण बोलली, लोक म्हणतात ना की देव झेपेल तेवढंच देतो, त्यावर.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, लेवा पाटील, केमोनं सगळे केस गेलेले. नातवाला म्हणायच्या, तिरुपतीले जायाचा खर्च वाचला रे पोरा. मी बाहेर जाऊन हसून आले. एवढंच.

साऊंडवाला_भो (दुसऱ्या दिवशी, रात्री १.३०)

आज लग्नाचं काम होतं, आता आलो. सगळं वाचलं. रनिंग रूम भाऊ, तुमचं दोनदा वाचलं.

पारोळावाले, तुमच्या पॉडकास्टवर एक धंद्याची गोष्ट सांगतो. माईक तोंडाच्या जितका जवळ तितका आवाज जाड येतो, खालचा बेस वाढतो. चार बोटांवर धरला की कोणाचाही आवाज कानात बोलल्यासारखा, आपला वाटतो. तोच माणूस हातभर लांब गेला की पत्र्याचा डबा. पॉडकास्टवाल्यांचे माईक बघा, तोंडात घातल्यासारखे असतात. त्यामुळं हळू बोलता येतं, आणि हळू बोललेलं आपल्याला खरं वाटतं. यात देव नाही, भावना नाही, नुसतं अंतर आहे. मी वीस वर्षं लोकांना खरं वाटायला लावून राहिलो एका बटणानं.

म्हणून माझाच प्रश्न मला आता चुकीचा वाटून राहिला. त्याचं कारण सांगतो, काल लिहायला पाहिजे होतं पण लिहिलं नाही.

दोन वर्षांआधी आई गेली. उत्तरकार्याला कीर्तन ठेवलं. हाताखालचा पोरगा त्या दिवशी आला नाही, त्यामुळं मुंडण केलेलं डोकं घेऊन मिक्सरवर मीच बसलो, आईच्या फोटोसमोर. बुवा ओळखीचे, त्यांची कीर्तनं मी पन्नासदा वाजवलेली. मधे ते म्हणाले, ही माऊली कशी होती सांगतो. संध्याकाळी लाईट जायची, ही देवाजवळ दिवा लावायची आणि पांडुरंगाला सांगायची, तुह्यासाठी नाई लावला रे बापा, मले भाकर दिसे ना म्हनून लावला, तू बी बस उजेडात.

सगळा मंडप हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसलो, आणि माझा हात फेडरवर होता तो थरथरला तर माईकनं शिट्टी मारली, बुवांनी माझ्याकडे बघितलं, मी आवाज खाली घेतला.

पण भो, माझी आई असं कधी बोललीच नव्हती. माझी आई देवाजवळ तोंडातून शब्द काढत नव्हती. ती पुटपुटायची पण नाही, नुसती बसायची.

कीर्तन झालं, मी त्यांचा कॉलर माईक काढायला गेलो. बॅटरीची डबी त्यांच्या कमरेला, ती काढायला वाकलो आणि हळूच विचारलं, बुवा, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी आधी डबीवरचा लाल दिवा बघितला, बंद आहे का ते. मग म्हणाले, माझी माय बोलायची. गेल्या साली गेली. तिच्या दहाव्याला मला एक शब्द बोलता आला नाही, दुसऱ्या बुवांना बोलवलं होतं. बिदागीचं पाकीट मी पुढं केलं तर त्यातली एक नोट काढून आईच्या फोटोखाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

आता माझी बहीण तिच्या सासरी सगळ्यांना तो किस्सा सांगते, आमची आई कशी होती म्हणून. परवा माझ्या पोरीनं पण सांगितला तिच्या मैत्रिणीला, आजी दिवा लावतांना असं म्हणायची. तिच्या बोलण्यात तर आजीचा आवाज पण येतो.

मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं.

मोसमकाठ

साऊंडवाले भाई.

निंबा_आप्पा_धुळे

बुवा धन्य. आणि पोरीले काही सांगू नको.

रनिंग_रूम

नऊ वाजता ड्युटी आहे, गाडीत बसायच्या आधी परत वाचतो.

कट्टर_केळीवाला

भो, मी काल जे बोललो ते बोललो, मागं घेत नाही. पण ढाब्याचं नाव अजून सांगितलं नाही तू. यावलच्या पोराला पण बोलव, कानबाईचा नवस कितीचा होता ते विचारायचं आहे. भरताची वांगी माझ्याकडची.